तीनदा ‘कुण्या गावचा’, आणि टक

“घरात कुणी हाय का? ज्येष्ठमध पाह्यजे होता… जल्दी!”

जयवंता परसातल्या निंबाखाली कुरडया राखत बसली होती. पाडवा कालच झाला होता, निंबाचा मोहोर वाळवणावर टपटप पडत होता आणि ती तो एकेक वेचून टाकत होती. तिनं मान वर केली. दारात एक अनोळखी तरुण उभा. गुडघ्यापर्यंत वाटेची धूळ, अंगात पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशातून डोकावणारा, स्क्रू पिळायचा एक बारीकसा पेचकस.

“पाव्हण्यांचं दार पुढं हाय,” ती म्हणाली.

“पुढच्या दारी काकासाहेब हायेत. दुर्गाबाईंचा गळा बसलाय असं त्यांना कळलं, तर त्यांचा जीवच बसंल.”

जयवंताला हसू आलं. ते लपवायला ती उठून घरात गेली. म्हणजे हाच तो! कालपासून आत्या ज्याच्याबद्दल बोलत होती तो रायभान. वडीगोद्रीचा, लांबून सोयऱ्यातलाच. घरी चांगली काळी जमीन असून हा पठ्ठ्या जालन्याच्या एका दुकानात घड्याळं आणि फोनो दुरुस्त करत बसतो. “बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा सोडून यंत्राच्या पोटात हात घालतो,” असं आत्या नाक मुरडून म्हणाली होती. आज परतूरच्या स्टेशनावरून दुर्गाबाई नांदेडकर नावाच्या गाणाऱ्या बाईंना बैलांच्या दमणीत बसवून त्यानंच आणलं होतं.

ज्येष्ठमधाची कांडी हातात घेऊन ती परत आली. पण ती कांडी तिनं लगेच दिली नाही.

“एक विचारू?… बाईंना विचारून सांगाल? ‘कुण्या गावचा’च्या पुढं काय हाय?”

“पुढं? पुढं ‘उभा गं माझ्या दारी’ न्हाई का?”

“त्याच्या मधी.”

“मधी काय हाय?”

“तेच तर विचारून राह्यले.”

रायभान तिच्याकडं पाहतच राहिला. कुणाला गाण्यातलं जे आहे ते आवडतं. ही जे नाही ते विचारत होती!

“खरं सांगू? मी गाणं कधी ऐकतच न्हाई,” तो म्हणाला. “माझा कान स्प्रिंगवर असतो. पण आज ऐकीन. बिलकुल ध्यान देऊन.” कांडी घेताना त्याचा हात क्षणभर थबकला. “तुमच्यासाठी.”

आणि तो गेला. कुरडयांवर दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या, तरी जयवंताच्या ते ध्यानात आलं नाही.

आता ते गाणं काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जयवंताचे वडील काकासाहेब हे कुंभार पिंपळगावातले मोठे खातेदार. नऊ वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, त्यांनी जालन्याहून गाणी वाजवणारा फोनो आणला. आसपासच्या गावांत तो पहिलाच. सोबत दुर्गाबाईंची एक तबकडी. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ओसरीवर फोनो लागायचा आणि बाजार अर्धा ओस पडायचा. ‘वाजती घुंगरं दूर माळावरी…’ बाई सुरू व्हायच्या. मग ‘कुण्या गावचा’ असं म्हणायच्या. पुन्हा म्हणायच्या. तिसऱ्यांदा म्हणायच्या, आणि कर्ण्यातून ‘टक’ असा आवाज यायचा. लगेच पुढं ‘उभा गं माझ्या दारी!’ सगळ्यात शेवटी बाई स्वतःचं नाव सांगायच्या, “दुर्गाबाई नांदेडकर!” तेव्हाच्या तबकड्यांची ती रीतच होती.

गावाला हे गाणं तोंडपाठ होतं, टकसकट. भजनात नाही का ओळ तीनदा घेत, तसं हे. त्या ‘टक’ला सगळी ओसरी मांडीवर थाप मारायची. पुंजाराम नावाचा एक शेजारी तर म्हणायचा, “गाणाऱ्या पन्नास मिळतील. टक घेणारी एकच.”

आणि एकटी जयवंता खाली मान घालून बसायची. कारण तो टक कुठून आला, हे फक्त तिला ठाऊक होतं.

त्या दसऱ्याला ती आठ वर्षांची होती. “पूजेला मांडायचं ते समदं लख्ख घास,” आत्यानं सांगितलं. पोरीनं तांब्या घासला, समई घासली, आणि शेजारी ठेवलेली ती काळीकुट्ट ताटलीही उचलली. काळी म्हणजे करपलेलीच असणार! चांगली राख घेतली, काथ्या घेतला आणि लागली घासायला. काही केल्या चकाकेना, तेव्हा पुसून गुपचूप जागेवर ठेवून दिली. ती तबकडी पहिल्यांदा वाजली ती त्यानंतर. अख्खं गाणं गावात कुणी कधी ऐकलंच नव्हतं. त्या तीन ‘कुण्या गावचा’ आणि टकच्या मध्ये एक ओळ होती, आणि ती तिच्या हातानं पुसली गेली होती.

नऊ वर्षं ती त्या रिकाम्या जागेत कुणाकुणाला उभं करून पाहत होती. कधी घोडेस्वार, कधी वाट चुकलेला सौदागर, कधी हैदराबादेहून आलेला कुणी शायर. कोण असेल तो? कुण्या गावचा?

आज ते कळणार होतं. साक्षात दुर्गाबाई गाणार होत्या!

उन्हं कलली तशी काकासाहेबांच्या वाड्यापुढच्या मांडवात मुंगी शिरायला जागा उरली नाही. बायका ओसरीवर, चिकाच्या पडद्याआड. जयवंतानं अगदी पुढची जागा धरली होती. पडद्याच्या फटीतून तिला बैठक दिसत होती, आणि बैठकीच्या कडेला तबलजीशेजारी बसलेला पांढरा कोटही. तो कोट अधूनमधून पडद्याकडं पाहत होता. नेमकी फट त्याला कशी सापडली, देव जाणे.

बाई आल्या आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. तबकडीतली बाई आवाजावरून शेलाटी, वीस-बावीसची. ही तर चांगली भारदस्त, डोळ्याला चष्मा, कपाळाशी पांढऱ्या बटा! नऊ वर्षांत तबकडी म्हातारी होत नाही, बाई होते, हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. बाईंनी आलाप सुरू केला. घटकाभर नुसताच आलाप. पुंजारामनं जांभई दिली. शेवटी एकदाचं ‘वाजती घुंगरं दूर माळावरी’ आलं आणि मांडव ताठ बसला.

“कुण्या गावचा…” बाईंनी म्हटलं.

जयवंतानं श्वास धरला. आता… आता पुढची ओळ…

“कुण्या गावचा!” अख्खा मांडव ओरडला. “कुण्या गावचा!” आणि चारशे मांड्यांवर चारशे थापा पडल्या. टक!

बाई थांबल्या. तबलजीचा हात हवेत राहिला. बाईंनी घोटभर पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पुंजाराम उठून उभा राहिला. “बाई, तुमी चुकून राह्यल्या. तीनदा घ्यायचं असतं. आन मंग टक.”

“माझं गाणं मला शिकवता?” बाईंचा बसलेला आवाज फाटला. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि सरळ उठल्या.

“पाह्यलं? शेवटी नाव बी घेतलं न्हाई!” मागून कुणीतरी ओरडलं. “ही ती न्हाईच! खोटी बाई!”

झालं! वणवा पेटायला तेवढं पुरलं. बाई दमणीत बसून परतूरच्या वाटेला लागल्या आणि राग सगळा उरला रायभानवर. काकासाहेबांनी चारचौघांत त्याला विचारलं, “खरी दुर्गाबाई कुठं सोडून आलास, रायभान? पंचक्रोशीत माझं नाक कापलंस.”

“मी खरीच आणली, काकासाहेब.” त्याचा चेहरा पडला होता, पण आवाज नाही. “येत्या बाजारी येतो. तुमचा फोनो पाहतो. मंग काय ते बोलू.”

पडद्याआड जयवंता अर्धी उठली. आत्ता बोलावं, आत्ता… पण पुन्हा खाली बसली. आणि ओळही कळली नाही ती नाहीच.

ते आठ दिवस तिला घास गोड लागला नाही.

बाजाराच्या दिवशी तो आला. काकासाहेब बैलबाजारात गेले होते आणि आत्याला ओसरीच्या कोपऱ्यात डुलकी लागली होती. जयवंता चहा घेऊन आली तेव्हा रायभान फोनो पुढ्यात घेऊन गाणं ऐकत होता.

“कुण्या गावचा, कुण्या गावचा, कुण्या गावचा…” टक. त्यानं सुई उचलली. तबकडी उन्हात तिरपी धरली, एक डोळा मिटला.

“काय दिसतं?” तिला राहवलं नाही.

“नांगरट.”

“काय?”

“उभी-आडवी नांगरट केलीय कुणीतरी. हे सुईचं काम न्हाई. हे काथ्याचं काम हाय.” त्यानं हळूच मान वर केली. आधी तिच्या हातांकडं पाहिलं आणि मग चेहऱ्याकडं. “आन राख. चुलीतली का गोवऱ्यांची?”

“…गोवऱ्यांची,” ती पुटपुटली. “आठ वर्षांची होते मी. मला वाटलं, करपलीय.”

रायभान हसायला लागला. तोंडावर हात धरून, आत्याला जाग येऊ नये म्हणून खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

“हसू नका!” तिचे डोळे भरून आले. “आबा नऊ वर्षं गावात मिरवून राह्यले ते गाणं. त्यांना काय वाटंल? आन तुमच्यावर आळ आला, तो माझ्यापायी.”

त्याचं हसू थांबलं. “रडता कशापायी? मी कुठं सांगून राह्यलो?”

“मंग तुमचं काय?”

“माझं काय… मी यंत्रवाला. बिघाड सापडला की माझं काम झालं.” त्यानं चहाचा घोट घेतला. “पर एक हाय. त्या बिघडल्या जागी काय होतं, या विचारानं मला बी आता झोप न्हाई. समदे दिवस रचून पाहतो. ऐकता?”

“तुमी गाणं रचता?”

“कधी न्हाई रचलं. आत्ताच लागलो.” त्याचे कान लाल झाले. “कुण्या गावचा… पाव्हणा आला… ज्येष्ठमध मागायला…”

“आन पुढं?”

“पुढं जमंना.”

एवढ्यात फाटकाशी काकासाहेबांच्या जोड्यांची करकर ऐकू आली. जयवंता दाराआड झाली. काकासाहेबांबरोबर पुंजाराम होता, आणखी दोघे-तिघे होते.

“पाह्यला फोनो?”

“पाह्यला. फोनो बराबर हाय. तबकडी बी बराबर हाय.” रायभान तबकडी पाकिटात सरकवत होता. “बाई आणण्यात माझीच काही गफलत झाली असंल.”

दाराआड जयवंतानं कडी घट्ट धरली. हा काय बोलून राह्यला!

“म्हणजे कबूल हाय तर!” काकासाहेब म्हणाले. “मंग ऐक. तुझ्या शेठला मी कळवणार. खोटा माणूस दुकानात ठेवू नका म्हणून. आन या गावात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई.”

“न्हाई ठेवणार,” रायभान म्हणाला, आणि टोपी उचलली.

त्याच्या हातून घड्याळं जाणार, दुकान जाणार, आणि हा माणूस एक शब्द बोलत नाही! जयवंतानं हातातली कडी सोडली. चार पुरुषांपुढं ती कधी उभी राहिली नव्हती. ती उभी राहिली.

“आबा, बाई खरी होती. तबकडी मी घासली.”

आत्या खडबडून जागी झाली.

“कशानं घासली?” काकासाहेबांनी विचारलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर त्यांना हाच प्रश्न सुचला.

“राखेनं. काथ्या लावून. दसऱ्याला, पूजेच्या भांड्यांसंगं.” ती आता थांबेना. “ते तीनदा न्हाई, आबा. सुई अडकती. टक म्हणजे सुईची उडी हाय. मधी एक ओळ हाय, ती मी पुसली. यांना आत्ता कळलं, तरी यांनी आळ सोसला. यांना जाऊ देऊ नका!”

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं. तिचं तिलाच कळलं, रायभानला कळलं, आत्याला तर फारच कळलं.

काकासाहेब तबकडी घेऊन उजेडात गेले. मग खाटेवर बसले. “म्हणजे त्या बाईला तिचंच गाणं आपण चुकीचं ठरवलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “खोटी बाई नव्हती, खोटं आपलं गाणं होतं.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “रायभान, टोपी ठेव खाली. बाईंना लुगडं-चोळी धाडायची हाय. तूच नेशील.”

तो घेऊन गेला. पंधरवड्यानं परतला तेव्हा त्याच्या हातात एक तबकडी होती. सगळी हकीकत ऐकून दुर्गाबाई इतक्या हसल्या म्हणे, की बसलेला गळा मोकळा झाला, आणि त्यांनी स्वतःजवळची धड तबकडी गावासाठी पाठवली.

पुन्हा ओसरी भरली. रायभाननं चावी दिली, सुई टेकवली. घुंगरं वाजली. नऊ वर्षं!

‘कुण्या गावचा… कासार आला, घेऊन चुडा भारी… उभा गं माझ्या दारी.’

कासार.

मांड्यांवर टेकलेले हात तसेच राहिले, कारण टक आलाच नाही.

“एवढंच?” शेवटी पुंजाराम म्हणाला. “कासार तर दर महिन्याला येतो! आपलीच तबकडी बरी होती राव.” आणि खरंच सांगते, अर्धी ओसरी पाय ओढत उठून गेली. दुर्गाबाईंच्या बैठकीला जेवढा विरस झाला नव्हता, तेवढा त्या दिवशी झाला.

जयवंता खांबाला टेकून उभी होती. घोडेस्वार गेला, सौदागर गेला, शायरही गेला. उरला बांगड्यांची चवड घेतलेला म्हातारा कासार, जो तिला ‘बाय, हात ढिला सोड’ म्हणायचा.

“खट्टू झाल्या?” रायभान फोनो आवरत होता, खरं म्हणजे आवरल्यासारखं करत होता.

“झाले. तुमी न्हाई?”

“मी?… मी तर वाटेत देवाला हात जोडत आल्तो, की ओळ चांगली निघू नये.”

“का बरं?”

“चांगली निघाली असती, तर माझी कोण ऐकणार होतं?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “तुमची तर अर्धीच हाय.”

“तिला जोड मला जमंना. तुमी पुरी करा.”

“मीच का?”

“दार तुमचं हाय,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “उभा मी हाय. पहिल्या दिवसापासून उभा हाय, जयवंता.”

निंबावरचा वारा ओसरीत आला आणि कडूगोड वास दरवळला. जयवंतानं वर पाहिलं. पहिल्यांदाच, पडदा नाही, दार नाही, मध्ये काही नाही.

“मंग परसदारी कशाला उभं राह्यचं?” ती म्हणाली. “पाव्हण्यांचं दार पुढं हाय. सांगितलं होतं ना तवाच!”

आणि पळाली आत.

चार दिवसांनी तो पुढच्या दारानं आला, वडिलांना आणि दोन चुलत्यांना घेऊन. काकासाहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. आळ आला तर मान खाली घालतो पण दुसऱ्याला उघडं पाडत नाही, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता. नाक मुरडलं ते फक्त आत्यानं, तेही रीतीपुरतं.

वैशाखात लग्न लागलं. आणि बैठकीला कोण? दुर्गाबाई नांदेडकर! काकासाहेब स्वतः स्टेशनावर जाऊन हात जोडून घेऊन आले होते. जेवणाच्या पंगती उठल्या, मांडव भरला, आणि सगळ्यांनी नवरीला धरलं. “नाव घे, नाव घे!” बायका म्हणजे कसल्या सोडतात! एरवी नवऱ्याचं नाव ओठावर आणायची सोय नाही. घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

जयवंता उभी राहिली. तिनं दुर्गाबाईंकडं पाहिलं. बाईंनी चष्म्याआडून डोळे मिचकावले आणि तंबोरा छेडला.

“कुण्या गावचा…”

मांडव दचकला.

“कुण्या गावचा…” बाईंनी पुन्हा म्हटलं. पुंजाराम उठून उभा राहिला. आता सगळ्यांचेच आवाज लागले. “कुण्या गावचा!” आणि बाई थांबल्या. अगदी नेमक्या जागी, जिथं नऊ वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या एका पोरीनं काथ्या फिरवला होता.

जयवंतानं श्वास घेतला.

“वडीगोद्रीचा पाव्हणा आला, ज्येष्ठमध मागत दुपारी…
रायभानरावांचं नाव घेते, उभे गं माझ्या दारी!”

मांडवात थाप मारायचंही कुणाला सुचलं नाही. जयवंता खाली मान घालून उभी होती. हिरव्या चुड्यानं भरलेला हात तिनं गालाशी धरला होता, आणि हो, तो चुडा त्याच म्हातारबुवा कासारानं भरला होता.

मग तिच्या शेजारून, मुंडावळ्यांच्या आडून, हळूच आवाज आला. नवरदेवानं मांडीवर थाप मारली होती.

टक.